भिंतीला खिळा ठोकायचा नाही

गेल्या शनिवारी, आमच्या शहरातल्या बेघर लोकांसाठीच्या तात्पुरत्या वस्तीत राहणाऱ्या एका बाईंनी मला त्यांची खोली दाखवली. दीड वर्ष झालं मी तिथे महिन्यातून एकदा स्वयंपाकाला जातेय, पण कुणाच्या खोलीत कधी गेले नव्हते, जायचं नसतंच, बाहेरच्या माणसाने खोलीत पाऊल टाकायचं नाही असा नियमच आहे. म्हणून मी दारातच उभी राहिले आणि त्यांनी आतून दाखवलं. आठ बाय दहाची खोली असेल. एक पलंग, त्याच्याखाली प्लास्टिकचे दोन डबे, एक फळी, खिडकी, हीटर. फळीवर औषधांच्या बाटल्या अगदी ओळीने लावलेल्या. आणि भिंतीवर एक कॅलेंडर, चिकटपट्टीने लावलेलं, वरचा एक कोपरा सुटून पुढे आलेला. मी सहज म्हटलं, एक खिळा मारून घ्या ना, राहील नीट. तर म्हणाल्या, "खिळा मारायची परवानगी नाही. आणि मलाही नकोय. मी इथे राहायला थोडीच आलेय?"

(आम्ही इंग्रजीत बोलतो त्यामुळे तू की तुम्ही हा प्रश्न येत नाही, पण मनातल्या मनात मी त्यांना तुम्हीच म्हणते. त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.)

हे वाक्य मी याआधी ऐकलंय, आणि मराठीत ऐकलंय. माझी आई म्हणायची. "भिंतीला खिळा ठोकायचा नाही, आपल्याला जायचंय." १९९० च्या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आमची लालबागची चाळ धोकादायक ठरवून रिकामी केली आणि आम्हाला ट्रान्झिटला पाठवलं. संक्रमण शिबिर हा कागदावरचा शब्द, राहणारे सगळे ट्रान्झिटच म्हणतात. मी तिसरीत होते. दोन-तीन वर्षांत नवीन बिल्डिंग होईल मग परत, असं सांगितलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते, आधी हे इथलं सांगते, कारण भारतातल्या लोकांना मी सांगते तेव्हा त्यांना खरंच वाटत नाही.

मी राहते ते शहर सॅन होजे, कॅलिफोर्निया. लोकवस्ती दहा लाखाच्या आसपास. अॅपल, गूगल, एनव्हिडिया सगळं आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. आणि याच शहरात २०२५ च्या मोजणीत साडेसहा हजार माणसं बेघर सापडली, त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास अक्षरशः उघड्यावर, म्हणजे तंबूत, गाडीत, पुलाखाली, नाल्याच्या काठाला. अख्ख्या अमेरिकेत जानेवारी २०२४ मधे एका रात्रीत मोजली तेव्हा ७,७१,४८० भरली होती, आदल्या वर्षीपेक्षा अठरा टक्के जास्त. आणि ही मोजणी म्हणजे काय, तर पहाटे टॉर्च आणि फोन घेऊन स्वयंसेवक रस्तोरस्ती फिरतात आणि दिसतील तेवढी माणसं मोजतात. जो मित्राकडे सोफ्यावर झोपलाय तो त्यात येत नाही.

मी २०१३ ला इथे आले तेव्हा ऑफिसला जाताना स्टोरी रोडवरून जायचे. तिथे कायोटी क्रीकच्या काठाला झाडीत एक मोठी वस्ती होती, तिला सगळे द जंगल म्हणायचे. रस्त्यावरून फक्त निळ्या ताडपत्र्या आणि सायकली दिसायच्या. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं, मुंबईची आहे मी, ताडपत्री काय मला नवीन नाही, पण ते अमेरिकेत असेल असं डोक्यातच नव्हतं. डिसेंबर २०१४ मधे शहराने ती वस्ती उठवली. तिनेकशे माणसं होती तेव्हा. थंडी, पाऊस पडून गेलेला, चिखल, आणि त्यातून लोक शॉपिंग कार्ट ढकलत चढ चढत होते. कुंपण घातलं. काहींना भाड्यासाठी मदत मिळाली, घरं मिळाली, बरेच जण तिथून निघून नाल्याच्याच पुढच्या वळणावर जाऊन बसले. त्यानंतर दहा वर्षं हेच चालू होतं, इथून उठवा तिथे बसतात, तिथून उठवा परत इथे येतात.

छोट्या घरांची कल्पना याच सगळ्यातून आली. अडचण अशी होती की ऐंशी चौरस फुटांची लाकडी केबिन ही इथल्या बांधकाम नियमांत घर म्हणून बसतच नाही, म्हणून २०१६ मधे राज्याने सॅन होजेसाठी खास कायदा केला की निवाऱ्याची आणीबाणी जाहीर करून अशा केबिन उभारता येतील. कायदा २०१६ चा आणि पहिली वस्ती उघडली २०२० च्या सुरुवातीला, माबरी रोडवर, चाळीस केबिन. मधली वर्षं कशात गेली तर जागा शोधण्यात आणि शेजाऱ्यांच्या विरोधात. मग लगेच कोविड आला आणि जे चार वर्षांत होत नव्हतं ते काही महिन्यांत व्हायला लागलं, मॉन्टेरे रोडला, रू फेरारीला, एव्हन्स लेनला कुटुंबांसाठी, नंतर पोलीस मुख्यालयाच्या पार्किंगच्या जागेत. आता नवीन होतात त्या केबिन राहिलेल्या नाहीत, कारखान्यात तयार केलेले खोके आणून एकावर एक रचतात, ब्रॅनम लेनला २०२५ मधे सुरू झाली ती तर तीन मजली आहे, दोनशेच्या वर खोल्या, प्रत्येकीला स्वतःचं बाथरूम. आमच्या महापौरांनी, मॅट महान यांनी, हाच आपला मुख्य कार्यक्रम केलाय, लवकर बांधा, स्वस्तात बांधा, माणूस आधी आत आणा. २०२३ मधे गव्हर्नर न्यूसमनीही राज्यात बाराशे छोटी घरं द्यायचं जाहीर केलं होतं, त्यातली दोनशे आमच्या शहराला. जागा, पैसा शहराचा, रोजचा कारभार संस्थांकडे, अशी साधारण व्यवस्था असते.

आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं मिळून अशाच एका वस्तीत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी स्वयंपाक करतो. कुठली ते लिहीत नाही. मसालेभात, कमी तिखटाचा, बटाट्याची भाजी, शिरा. शिरा पहिल्यांदा लोकांनी बिचकत घेतला, आता आधी तोच संपतो. त्या बाई दर वेळी लवकर येऊन आमच्याबरोबर बसतात, मटार सोलतात, बटाटे सोलतात. शाळेच्या कॅफेटेरियात अकरा वर्षं काम केलंय त्यामुळे हात भराभर चालतो, आणि बटाट्याचं साल इतकं पातळ निघतं की आमच्या गोखले काकूंनीसुद्धा कौतुक केलं.

त्यांची गोष्ट मला एका दिवसात कळली नाही, मटार सोलता सोलता तुकड्यातुकड्याने कळली. एका घरात मागच्या बाजूची एक खोली एकोणीस वर्षं भाड्याने होती. मालक म्हातारे होते, भाडं फार वाढवायचे नाहीत. ते गेले, मुलांनी घर विकायला काढलं, साठ दिवसांची नोटीस. शहरात साध्या वन बेडरूमचं भाडं अडीच हजार डॉलरच्या पुढे आणि यांचं महिन्याचं सगळं मिळून उत्पन्न तेराशे. गुडघ्यामुळे काम आधीच सुटलेलं. सामान स्टोरेजमधे टाकलं आणि कोरोला गाडीत राहायला लागल्या, एक-दोन महिन्यांचा प्रश्न आहे असं वाटलं होतं. पाच महिन्यांनी गाडी टो झाली, पार्किंगचे दंड भरलेले नव्हते, सोडवायला लागणारे पैसे गाडीच्या किमतीहून जास्त. मग स्टोरेजचे हप्ते थकले आणि तिथलं सामान लिलावात गेलं. आईचं शिलाई मशीन होतं त्यात, हे त्यांनी मला तीन वेळा तरी सांगितलंय.

मग बावीस नंबरची बस. इथे व्हीटीएची, म्हणजे काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) सार्वजनिक वाहतूक संस्थेची, बावीस नंबरची बस ईस्टरिज ते पालो आल्टो रात्रभर चालते, आणि कित्येक वर्षं लोक तिला हॉटेल २२ म्हणतात कारण रात्री त्यात झोपायला माणसं चढतात. साधारण दीड-दोन तासांनी शेवटचा स्टॉप येतो, दिवे लागतात, सगळ्यांनी खाली उतरायचं, थंडीत उभं राहायचं, परत चढायचं. म्हणजे सलग झोप फार तर दीड तास. त्या अडीच महिने असं झोपल्या. म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात मी बाकीच्यांना घाबरायचे. नंतर कळलं, आम्ही सगळे एकमेकांवर लक्ष ठेवतोय."

आता मला यावर बोलायचंय, कारण आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपलीच माणसं काय काय लिहितात ते मी वाचते. "हे सगळे ड्रगवाले." "बाहेरच्या राज्यांतून येतात, इथे हवा चांगली आणि सगळं फुकट म्हणून." कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०२३ मधे जवळपास ३,२०० बेघर लोकांशी बोलून मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की दहातल्या नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच सुटलं होतं आणि चारातले तीन जण जिथे घर होतं त्याच काउंटीत अजून आहेत. बेघर व्हायच्या आधीच्या काही महिन्यांतलं त्यांच्या घराचं उत्पन्न, मधला आकडा घेतला तर, महिन्याला ९६० डॉलर. आणि जे एकटे प्रौढ होते त्यातले निम्म्याच्या आसपास पन्नाशीच्या पुढचे, त्या पन्नाशीच्या पुढच्यांतही एकेचाळीस टक्के असे की ज्यांचं आयुष्यात पहिल्यांदा घर सुटलं तेच पन्नाशीनंतर. म्हणजे आयुष्यभर काम केलेली, भाडं भरलेली माणसं. नशा आहे, मानसिक आजार आहेत, नाही कोण म्हणतंय, मी पण बघते तिथे. पण नशा करणारी माणसं स्वस्त भाड्याच्या शहरांतही भरपूर आहेत, ती तिथे छपराखाली आहेत एवढाच फरक. आणि उघड्यावर दोन वर्षं काढल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील हे मला सांगा.

आमच्या घरापासून दीड मैलावर नवीन वस्ती प्रस्तावित झाली तेव्हा मीटिंग होती, शाळेच्या हॉलमधे. उभं राहायला जागा नव्हती. माइकवर येणाऱ्यांत निम्मे चेहरे देशी. शाळा जवळ आहे, घरांच्या किमती पडतील, आमच्या बायका संध्याकाळी वॉकला जातात. भीती खोटी नसते हे मला मान्य आहे, मलाही दोन मुलं आहेत. शहराची माणसं सांगत होती की वस्तीला कुंपण असेल, चोवीस तास सिक्युरिटी असेल, आजूबाजूच्या परिसरात तंबू लावू दिले जाणार नाहीत आणि आधी याच भागातल्या बेघर लोकांना आत घेणार. कुणी ऐकून घेत नव्हतं. मी दोन मिनिटं बोलले. मी सांगितलं की मी अशाच तात्पुरत्या वस्तीत वाढलेय, आणि आमच्याबद्दलही आजूबाजूच्या सोसायट्यांत हेच बोलायचे, ट्रान्झिटची पोरं, लांब राहा त्यांच्यापासून. हॉल थोडा शांत झाला. बाहेर पडताना एक गृहस्थ, मराठीच, मला म्हणाले, "ताई, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही चांगल्या घरातल्या." मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता देते. काका, त्या हॉलमधल्या कुणालाच माहीत नव्हतं ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय ती माणसं कुठल्या घरातली आहेत.

तर मी या छोट्या घरांच्या बाजूने आहे, पूर्ण. तिथे काय फरक पडतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या खोलीत आल्यावर पहिले नऊ-दहा दिवस त्या बूट घालूनच झोपायच्या, सवय गेली नव्हती, बूट काढले की कुणी नेतं. मग एक दिवस बूट दाराशी काढून ठेवले. किल्ली बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात असते, स्वयंपाक करतानाही. दातांचं काम करून घेतलं. गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख पाळता आली कारण सामान सोडून जाता आलं, हे आपल्याला सुचतही नाही, पण तंबूत राहणारा माणूस डॉक्टरकडे जात नाही कारण परत येईपर्यंत तंबू जागेवर असेल याचा भरवसा नसतो. कुत्रं बरोबर ठेवता येतं, नवराबायकोला एकत्र राहता येतं, जे मोठ्या हॉलमधल्या शेल्टरमधे बहुतेकदा होत नाही आणि म्हणूनच लोक शेल्टरला जात नाहीत. आणि पत्र येतं! पत्ता असला की पत्र येतं, ओळखपत्राचं नूतनीकरण होतं, पेन्शन ऑफिस शोधू शकतं.

नियम मात्र बोचतात. येताजाता पिशवी तपासतात. खोलीत शेगडी नाही, साधा चहा करायचा तरी कॉमन किचनला जायचं, तेही ठरलेल्या वेळात. पाहुणा नाही. त्यांची नात सॅक्रामेंटोहून भेटायला आली होती, अकरा वर्षांची, तिला फाटकाबाहेरच्या बाकावर बसवून भेटल्या. "तिला माझी खोली बघायची होती," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा बटाटा घेतला. सुरक्षेसाठी असेल हे सगळं, मी ती वस्ती चालवत नाही, चालवणाऱ्यांची तारेवरची कसरत मला दिसते. पण त्रेसष्ट वर्षांच्या बाईला नात खोलीत घेता येत नाही हे मला पटलेलं नाही.

आणि आता मुद्दा. ही जागा तात्पुरती आहे. नावातच आहे, इंटरिम. कल्पना अशी की काही महिने इथे राहा, तोवर केस मॅनेजर तुमचे कागद करेल, मग कायमचं घर. त्यांना कागद करून दिले, सगळे झिपलॉकच्या पिशवीत आहेत. एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, त्यावर गुण मिळतात, जितका माणूस जास्त अडचणीत तितके गुण जास्त आणि तितका नंबर वर. त्यांना व्यसन नाही, मोठा आजार नाही, त्यामुळे गुण कमी. दीड वर्ष झालं. मला तर त्या भेटल्या त्याच आठवड्यात त्या तिथे आल्या होत्या.

आमच्या ट्रान्झिटच्या खोलीत बाबांचे शर्ट दोरीवर असायचे. कालनिर्णय खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. लग्नातला फोटो कपाटावर आडवा ठेवलेला, भिंतीला टेकवून, दर दिवाळीला आई तो पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. पत्र्याच्या ट्रंकेत चाळीच्या भाडेपावत्या, पिवळ्या पडलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबरबँड. त्या पावत्या म्हणजेच आमचं घर होतं, त्या गेल्या तर परत जायचा हक्क गेला. रेशनकार्डावर लालबागचा पत्ता, शाळेत तात्पुरता पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन रकाने, मी कायमच्या रकान्यात जी बिल्डिंग पाडलेली आहे तिचा पत्ता लिहायचे. शेजारच्या काकूंनी तिसऱ्या वर्षी खिळे ठोकले, देव्हारा बसवला, तेव्हा आईला त्यांचा राग आला होता. मला तेव्हा कळायचं नाही की खिळा ठोकला म्हणून राग का. मुंबईत एका भागाचं नावच प्रतीक्षा नगर आहे, जिथे ट्रान्झिटच्या इमारतीच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्नं तिथेच झालेली आहेत.

दोन-तीन वर्षांची चौदा झाली. काम कुणी अडवलं, फाइल कुठे राहिली, बिल्डर किती बदलले, तो वेगळा विषय. २००४ ला चावी मिळाली. बाबा २००१ ला गेले.

म्हणून मला भीती वाटते. तात्पुरती घरं बांधणं वाईट आहे म्हणून नव्हे, तात्पुरत्या घरावर सगळ्यांचं समाधान होतं म्हणून. रस्ता रिकामा दिसला की तक्रार थांबते, तक्रार थांबली की पुढच्या घराची घाई कुणालाच राहत नाही. इथे हे होताना दिसतंय मला. मार्च २०२० मधे सॅन होजेच्या मतदारांनी दोन दशलक्ष डॉलरच्या वरच्या मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवर कर लावला, मेझर ई नावाच्या प्रस्तावाने, आणि तेव्हा मुख्य बोलणं होतं परवडणाऱ्या कायमच्या घरांचं. आता त्यातला मोठा हिस्सा तात्पुरत्या निवाऱ्याकडे वळवलाय. महापौरांचं म्हणणं मला समजतं, इथे एक परवडणारं घर बांधायला नऊ लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि पाच-सहा वर्षं लागतात, तोवर माणसं नाल्यात मरतात. बरोबर आहे. पण निवारा चालवायचा खर्च दरवर्षी लागतो, सिक्युरिटी, जेवण, स्टाफ, तो कधी संपत नाही. आणि ज्या घरात माणूस जाणार ते घरच बांधलं नाही तर आतला माणूस बाहेर पडत नाही, आणि बाहेरचा आत येऊ शकत नाही. नुसत्या वेटिंग रूम वाढवून गाडी येत नाही हो.

आणि एक तर याहून सोपं होतं. आमच्याच काउंटीत घर सुटायच्या बेतात असलेल्या कुटुंबांना थोडी रोख मदत देतात, थकलेलं भाडं, डिपॉझिट, असं. नोत्र दाम विद्यापीठाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास मदत मिळाली होती, आणि ज्यांना मिळाली ते पुढच्या सहा महिन्यांत बेघर व्हायची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी झाली. दोन हजार डॉलर. त्या कोरोलाचा दंड आणि एक महिन्याचं भाडं. ज्या दिवशी साठ दिवसांची नोटीस आली त्या दिवशी त्यांना कुणी हे सांगितलं असतं तर बावीस नंबरच्या बसमधे बसावं लागलं नसतं कदाचित. त्यांना माहीतच नव्हतं की असं काही मिळतं, आणि मलाही नव्हतं. आता मी आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी त्याची माहिती टाकते, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला, मुलांच्या डेकेअरच्या टीचरला सांगा म्हणून. लोक थम्स अप देतात, सांगतात की नाही माहीत नाही. सांगा.

गेल्या दोन वर्षांत हवा बदललीय हेही जाणवतं. जून २०२४ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की शहराकडे निवाऱ्याची जागा नसली तरी सार्वजनिक जागेत झोपणाऱ्याला दंड, शिक्षा करता येते. जून २०२५ मधे आमच्या शहराने ठरवलं की तीनदा निवारा देऊ केला आणि नाकारला तर अटक होऊ शकते. ऑगस्टमधे विमानतळाजवळचं कोलंबस पार्क रिकामं करायला घेतलं, तिनशेच्या वर माणसं होती तिथे. काहींना मोटेलमधे खोल्या मिळाल्या, चांगलं झालं, काही आरव्ही, म्हणजे लोक राहत होते त्या मोठ्या गाड्या, टो झाल्या. ग्रँट्स पासचा निकाल आला त्या रात्री मला आपल्या १९८५ च्या निकालाची आठवण झाली, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा, ऑल्गा टेलिस खटला. १९८१ च्या भर पावसाळ्यात फुटपाथवरची माणसं उचलून शहराबाहेर काढायला सुरुवात केली होती, त्यावर हा खटला झाला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्कही येतो, माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ आहे. शेवटी फुटपाथ रिकामे करायला परवानगी दिलीच कोर्टाने, फक्त पावसाळा संपू द्या म्हणाले. तरी पण निदान हा माणूस इथे का झोपलाय हा प्रश्न त्या निकालात विचारलेला आहे. माझे बाबा गिरणीत होते, संप झाल्यावर वॉचमनची नोकरी करायचे, त्यांना त्या खटल्याचं कौतुक होतं, म्हणून मला ते नाव लहानपणापासून माहीत.

शनिवारी खोली बघून झाल्यावर आम्ही परत किचनला आलो. मटार बरेच उरले होते. कॅलेंडरवरून विषय निघालाच होता म्हणून मी त्यांना पहिल्यांदा माझं सांगितलं, चाळ, ट्रान्झिट, आईचा खिळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलल्या नाहीत. मग विचारलं, किती वर्षं? मी चौदा म्हटलं आणि म्हणताच लक्षात आलं की हे सांगायला नको होतं. त्यांचा हात थांबला. त्रेसष्ट आणि चौदा त्यांनी मनात करून बघितलं असणार, मला चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आईने मग खिळा कधी ठोकला?"

मी सांगितलं. चावी मिळाली त्या दिवशी आईने सामान यायच्या आधी, रिकाम्या खोलीत, तिथे काम करणाऱ्या एका मुलाकडून हातोडी मागून घेतली. पिशवीतून दोन खिळे घेऊन आली होती, गंजलेले, लालबागच्या जुन्या खोलीतून निघताना उपटून आणलेले, चौदा वर्षं ट्रंकेत होते. एकावर कालनिर्णय. दुसऱ्यावर बाबांचा फोटो.

आईला मी दर रविवारी फोन करते. तिला या बाईंबद्दल माहीत आहे, मीच सांगत असते. गुडघा, मधुमेह, नातू, सगळं बोलून झालं की फोन ठेवायच्या आधी ती न चुकता विचारते, "त्यांचं झालं का गं घराचं?" परवाही विचारलं. नाही अजून, म्हटलं.